सुळ्याची चोच

"आधी फुंकर मार," आई म्हणाली. "भरलेली दिसते म्हणून भरलेली असते होय वाटी?"

मी पिंजऱ्यातली स्टीलची वाटी तोंडापाशी नेऊन फुंकर मारली. वरचा सगळा थर उडाला. थोडा माझ्या चष्म्यावर, थोडा आईच्या पदरावर बसला. राळ्याची फोलकटं होती ती. वाटीच्या तळाशी चिमूटभर दाणे उरले होते.

"बघ. ही पोरं दाणा सोलून खातात आणि साल तिथंच टाकतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, शिगोशीग आहे."

"चष्म्यावर उडेल हे नाही सांगितलंस."

"पुण्यात फुंकर मारायला पण शिकवत नाहीत का गं?"

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णा पेपर वाचत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "शिकवतात. पण इंग्रजीत."

रविवार होता. मी दोन दिवसांसाठी बार्शीला आले होते आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला परत जाणार होते. घरात आई, अण्णा आणि मुठीएवढेही नसलेले झेब्रा फिंच पक्षी, दहाएक. अण्णांचा धंदा कवळ्या बनवायचा. गावातले दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे आणि अण्णा प्लास्टर, मेण, गुलाबी हिरड्या असं करत करत माणसाला परत तोंड बनवून द्यायचे. काही वर्षांपूर्वी डोळ्यांचं कारण सांगून त्यांनी लॅब बंद केली आणि लॅबमधल्या काचेच्या कपाटाला जाळी ठोकून त्याचा पिंजरा केला. पक्ष्यांची नावंही दातांवरूनच पडली. पटाशी, दाढ, अक्कलदाढ. लालबुंद चोचीचा, गालावर शेंदरी ठिपका असलेला एक नर उठसूट सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा. तो सुळ्या.

"अहो, सुळ्याची चोच परत वाढलीय," आई म्हणाली. "वरची खालचीच्या पुढं यायला लागलीय."

"बघितलंय मी."

"चोच घासायला समुद्रफेस टांगलाय, पण घासतच नाही मेला. आळशी."

"चावा वाकडा आहे त्याचा. समुद्रफेस काय करणार त्याला? करू पुढच्या आठवड्यात."

"आजच करा की," मी म्हणाले. "मला कधीचं बघायचंय."

आईनं अण्णांकडं बघितलं नाही, अण्णांनीही आईकडं. "आज नको," आई म्हणाली. "तुझी गाडी चुकायची. आणि ते काम घाईचं नाही."

चोच कापायचं काम आतल्या खोलीत चालायचं. खिडक्या बंद, पंखा बंद, दाराला आतून कडी. पक्षी हातातून निसटून पंख्यात गेला तर संपलंच, म्हणून आत तिसरं माणूस नको, हा आईचा नियम. बऱ्याच वेळानं दोघं घामाघूम होऊन बाहेर यायचे, पक्षी पिंजऱ्यात जायचा आणि आई जाहीर करायची, "केली यांनी! काय हात आहे, बघा." शेजाऱ्यांना सांगायची, पाहुण्यांना सांगायची, मला फोनवर सांगायची.

निघताना तिनं शेंगाच्या चटणीची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. "पोचलीस की फोन कर," म्हणाली. मी केला. ती म्हणाली, "बरं. जेवून घे." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिथंच पडली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. पिशवी पुरती उपसलीही नव्हती मी. तीच घेऊन परत आले.

पुढचे दिवस बेबीआत्यानं रेटले. अण्णांची धाकटी बहीण, वैराग गावची. ती बोलायला लागली की भिंतीलाही हुंकार द्यावा लागतो. तिनं स्वयंपाकघर हातात घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा पाजला, मला जेवायला बसवलं, अण्णांना आंघोळीला पिटाळलं. ती नसती तर आम्ही दोघं व्हरांड्यात बसूनच राहिलो असतो.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. घरात माणसं कमी झाली होती, म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग लक्षात आलं, व्हरांड्यातून आवाज येत नव्हता. फिंच कधी गप्प बसत नाहीत. खेळण्यातली पिपाणी कुणीतरी सतत हळू वाजवावी तसा त्यांचा आवाज दिवसभर घरात असतो. इतका, की तो ऐकू येणं आम्ही बंद केलं होतं.

सगळे पक्षी दांड्यांवर ओळीनं बसले होते. पिसं फुगवून.

"आत्या, यांना दाणे कधी घातलेस?"

"रोज बघते की मी. परवा काठोकाठ भरली होती. आज सकाळीच बघितलं. शिगोशीग आहे वाटी."

मी वाटी काढली. फुंकर मारली. सगळं उडालं. तळाला स्टील चकाकलं.

आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालं. "अगं बाई," ती म्हणाली, "मला काय ठाऊक. मी आपली बघून पुढं जात होते. भरलेली वाटी दिसतीय म्हणून..."

"असू दे. कुणालाही तसंच वाटतं."

मी वाटी भरून आत ठेवली आणि एकच झुंबड उडाली. पटाशी दाढेच्या डोक्यावर चढली. पिपाण्या सुरू झाल्या. आत्यानं हुश्श केलं. मीही करणार होते, तेवढ्यात सुळ्या दिसला. तो सगळ्यांच्या नंतर खाली आला. एक दाणा उचलला, चोचीत फिरवला, आणि दाणा पडला. दुसरा उचलला. पडला. वरची चोच आता खालचीच्या बाजूनं आकड्यासारखी खाली वळली होती. तो दाण्यांवर उभा होता आणि त्याला एकही सोलता येत नव्हता.

अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. बराच वेळ बघत होते. "चावा गेला," ते म्हणाले.

"कापायला लागेल ना?"

"लागेल."

"मग?"

"करतो की." आणि आत जाऊन झोपले.

पुढचे दोन दिवस मी बाकी सगळं विसरले. सुतकाच्या घरात करायची असतात ती कामं हातून होत होती, पण जीव त्या पिंजऱ्यापाशी. राळं भिजवून दिलं, उकडलेलं अंडं कुस्करून दिलं. चोचीच्या कडेला लागेल तेवढं तो खायचा, बाकीचं इकडंतिकडं उडायचं. सकाळी उठले की आधी पिंजऱ्याच्या तळाशी बघायची, मग दांडीवर. दांडीवर दिसला की दिवस सुरू. तो आता कुणाच्या अंगावर धावून जात नव्हता. अक्कलदाढेनं त्याला ढकललं तरी गुमान बाजूला सरकायचा, ते मला बघवायचं नाही.

"अण्णा, आज करायचं का?"

"आज आभाळ आहे. उजेड नाही."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. "आज फार ऊन आहे. चकाकतं. नीट दिसत नाही."

मी गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, "ताई, मी म्हशी, शेळ्या, कुत्री बघतो. एवढ्याशा पक्ष्याला हात लावला आणि काही झालं तर तुम्हालाही वाईट, मलाही. सोलापूरला एक जण पक्षी बघतात. पण उपाशी पक्षी एवढ्या उन्हात एवढ्या लांब नेणार असाल तर विचार करून न्या." मग म्हणाले, "तुमचे वडीलच करतात ना? वहिनी सांगायच्या, फार छान हात आहे म्हणून."

तेरावा झाला. त्या संध्याकाळी चहा पिताना बेबीआत्यानं विषय काढला. तिचं जायचं दुसऱ्या दिवशी ठरलं होतं.

"दादा, मी उद्या दुपारी निघते. तुझं काय करायचं?"

"माझं काय करायचंय? मी काय सामान आहे?"

"एकटा कसा राहणार तू? वैरागला चल माझ्याकडं. नाहीतर या उजूकडं जा पुण्याला. सहा महिने इथं, सहा महिने तिथं."

"आणि पक्षी?"

"देऊन टाक की कुणाला तरी. वहिनी होती तोवर ठीक होतं. परवा ते पक्षी उपाशी मेले असते बिचारे, आणि तू इथंच बसला होतास व्हरांड्यात."

"वाटी तू बघत होतीस."

"मी माझी चूक म्हणतेच आहे. मी पक्षीवाली नाही, तू आहेस." आत्याचा आवाज खाली आला. "दादा, मला भांडायचं नाही. पण तुला एकटं सोडून गेले तर मला झोप लागायची नाही. तो लाल चोचीचा मरायला टेकलाय आणि तू उजेड बघत बसलायस. उद्या गॅस, परवा औषधं. कुणी बघायचं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. बशीत ठेवताना तो खुळखुळला. "उद्या सकाळी सुळ्याची चोच करतो," ते म्हणाले. "तू जायच्या आत. तो खायला लागला तर तू मला परत वैरागचं नाव सांगायचं नाहीस. कबूल?"

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर येतो तू म्हणशील तिथं. पिंजरा देऊन टाकतो."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. एवढासा पक्षी, मुठीत धरला तर मुठीत काही आहे असं वाटू नये एवढा, आणि त्याच्या चोचीवर आमचं घर टांगून अण्णा मोकळे झाले होते.

सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. टेबलावर लॅबमधला पांढरा कपडा अंथरला. त्यावर बाळाची नखं कापायचं छोटं नेलकटर, सुईसारखी कानस, कापूस, तुरटीचा खडा, पाण्याची वाटी. कपाळावर भिंगाचा पट्टा चढवला. खूप वर्षांनी ते मला ओळखीचे दिसले. पिंजऱ्यात डावा हात घालून त्यांनी सुळ्याला एका फेरीत अलगद पकडलं आणि आतल्या खोलीत गेले. मी सवयीनं बाहेर थांबले. कडी लागल्याचा आवाज आला.

आत्या जपमाळ घेऊन बसली होती, पण मणी पुढं सरकत नव्हता.

आतून काही ऐकू येत नव्हतं. कटरचा आवाज केवढासा असणार, तरी मी तो ऐकायचा प्रयत्न करत होते. खूप वेळ गेला, म्हणजे मला खूप वाटला. पक्षी हातात धरून ठेवला की भीतीनंच त्याचं हृदय बंद पडू शकतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलेलं सगळं अशा वेळीच आठवतं.

कडी निघाली. दार बोटभर उघडलं. "उजू. आत ये. पटकन लाव."

आत उकडत होतं. टेबलदिवा लावलेला. अण्णा खुर्चीवर बसले, डावा हात छातीशी. त्या हातात सुळ्या होता. मान तर्जनी आणि मधल्या बोटात, पाठ तळव्यात. हात दगडासारखा स्थिर. टेबलावर नेलकटर पडलं होतं आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या कपड्यावर उजवा हात. तो बोटांनी कपडा गोळा करत होता. सोडत होता, परत गोळा करत होता. सुळ्याची चोच होती तशीच होती.

"दिवा डोळ्यांवर येतोय," अण्णा म्हणाले. "दिसत नाही मला नीट. तू काप. मी धरतो."

"हो," मी म्हणाले. "डोळ्यांचं जपायलाच हवं."

आमच्या घरात हे असंच बोललं जायचं. लॅब बंद झाली ती डोळ्यांमुळे. अण्णांना चहा अर्धाच कप मिळायचा, मग परत अर्धा, ते आई म्हणायची, गार होतो म्हणून. सदऱ्याची बटणं ती लावायची, डोळ्यांमुळे. बँकेत सही तिची, डोळ्यांमुळे. मोतीबिंदू अजून पिकलाही नव्हता, तरी ऑपरेशन करून घेतलं त्यांनी. त्यानंतर अण्णांना पेपरातलं बारीक अक्षर बिनचष्म्याचं दिसायला लागलं आणि आईची पंचाईत झाली. चार दिवसांनी ती म्हणाली, आता त्यांना उजेड सोसत नाही. मीही दर रविवारी फोनवर विचारायचे, "अण्णांचे डोळे कसे आहेत?" ती म्हणायची, "आहेत तसेच. वाढलं नाही." आम्हा दोघींना कळायचं आम्ही काय बोलतोय. हात हा शब्द दोघींनीही कधी काढला नाही. आणि आतल्या खोलीत कडी लावून काय चालायचं, चोच कोण कापायचं, हे मला त्या दिव्याखाली उभं राहिल्यावर समजलं.

"कटर घे," अण्णा म्हणाले. "आडवं नको. चोचीच्या वळणानं धर. केसाएवढं काप. केसाएवढंच."

मी कटर घेतलं. सुळ्याचा डोळा काळा, टाचणीच्या टोकाएवढा. तो माझ्याकडंच बघत होता. त्याची छाती इतकी भराभर हलत होती की मोजता आली नसती.

"छाती दाबली जात नाहीये ना, अण्णा?"

"नाही. धरणं मला येतं. तू काप."

टिक. नखाएवढाही नाही, कोंड्याएवढा तुकडा कपड्यावर पडला. सुळ्यानं मान ओढली. अण्णांची बोटं जागची हलली नाहीत.

"शाब्बास. अजून एक."

टिक.

"आता बाजूनं. हां. बघू दे." त्यांनी भिंगातून वाकून बघितलं. माझ्यापेक्षा त्यांना स्पष्ट दिसत होतं. "वरची अजून चढतीय. चावा बसला नाही. अजून घे."

"पुरे नाही का झालं? थोडं उद्या..."

"उद्या कशाला? एका बैठकीत चावा बसवून मोकळं व्हायचं. लोक काय कवळी अर्धी घासून घेऊन जायचे? निळा कागद दाताखाली द्यायचा, डाग पडेल तिथं घासायचं, डाग पडायचा थांबला की काम झालं. घे अजून. बेबी बाहेर बसलीय."

मी घेतलं. या वेळी आवाज वेगळा आला, मऊ. चोचीच्या टोकाला लाल चोचीहून गडद लाल असा एक थेंब उगवला. मोठा झाला. अण्णांच्या बोटावर पडला. त्यामागं दुसरा उगवला.

"अण्णा!"

"तुरटी. ओली कर. दाब. दाब!"

मी तुरटी बुडवली, चोचीच्या टोकाला टेकवली. काढली की परत थेंब. एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? चमचाभर तरी असेल का? "दाबून धर," अण्णा म्हणत होते, "काढून बघू नकोस, दाबून धर," आणि मी धरलं. सुळ्यानं मान टाकली होती. त्याच्या पापण्या, पक्ष्याच्या असतात तशा खालून वर, अर्ध्या आल्या होत्या. टेबलावर अण्णांचा उजवा हात आता मनगटापासून हलत होता आणि नेलकटर त्याच्याबरोबर खुळखुळत होतं.

"दादा?" बाहेरून आत्या. "झालं का?"

"झालं!" अण्णा मोठ्यानं म्हणाले. "पाच मिनिटं थांब!"

मी तुरटी काढली. टोकाला काळपट खपली दिसली. थेंब आला नाही.

बुटांच्या खोक्यात आईची जुनी ओढणी घालून त्यात सुळ्याला ठेवलं. तो एका कोपऱ्यात चेंडूसारखा फुगून बसला. समोर झाकणात भिजवलेलं राळं, थोडं कोरडं. आम्ही दोघं खोक्याच्या दोन बाजूंना जमिनीवर बसलो. पंखा लावता येत नव्हता. अण्णांच्या कपाळावरचा भिंगाचा पट्टा घामानं घसरून भुवईवर आला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

मी सुळ्याची पाठ बघत होते. हलतेय. हलतेय. जरा थांबली की मी पुढं वाकायची, मग परत हलायची.

"मी म्हणालो म्हणून तू कापलंस," अण्णा म्हणाले.

"मला कुठं कळत होतं किती कापायचं."

"तुला कळलं होतं. पुरे म्हणाली होतीस." ते खोक्याकडंच बघत होते. "तुझी आई माझं ऐकायची नाही. मी म्हणायचो, अजून घे, चावा बसू दे. ती कटर खाली ठेवायची. म्हणायची, आज एवढंच, उरलेलं आठ दिवसांनी. मी चिडायचो. अगं, काम अर्धं ठेवायचं म्हणजे काय? म्हणायची, तुमच्या कवळीत रक्त नसतं." त्यांनी डाव्या हातानं झाकण सुळ्याकडं जरा सरकवलं. "मला वाटायचं, ती घाबरते."

बाहेर आत्यानं पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. तिच्या गाडीची वेळ होत आली असणार. अण्णांनीही तो आवाज ऐकला. ते म्हणाले, "मेला तर मी येईन पुण्याला. तू काळजी करू नकोस. हट्ट करणार नाही."

"अजून मेला नाही तो."

सुळ्या हलला. आधी एक पाय, मग दुसरा. झाकणापाशी आला. भिजवलेल्या राळ्यात चोच घातली, चोचभर उडवलं. मग मान वाकडी करून कोरड्यातला एक दाणा उचलला. फिरवला. दाणा पडणार, अशा जागी आला, परत आत गेला, आणि साल बाहेर पडली. एकच साल, ओढणीवर. दाणा आत.

त्यानं दुसरा उचलला.

मी तोंडावर हात दाबला. रडू फुटलं ते तेव्हा. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. दार लावलेलं होतं, ते बरं होतं.

अण्णा रडले नाहीत. त्यांनी भिंगाचा पट्टा काढून शेजारी ठेवला. उजवा हात मांडीखाली सारला आणि त्यावर बसले, थंडीत बसतात तसे. सुळ्या खात होता. कोंड्याएवढ्या साली पडत होत्या.

"उजू," ते अगदी हळू म्हणाले, "तुझ्या आईला खरंच वाटायचं का गं, माझ्या डोळ्यांचं?"

मला आईचं उत्तर पाठ होतं. वाटायचं म्हणजे काय, डोळेच होते ते, आणि वर काहीतरी चेष्टा, आणि विषय बंद. तेच मी दिलं असतं तर अण्णांनी मान डोलावली असती आणि आम्ही सुळ्याला घेऊन बाहेर गेलो असतो. आत्याला सांगितलं असतं, केली यांनी, काय हात आहे बघ. ती वैरागला गेली असती, मी पुण्याला. आणि अण्णा या घरात गॅससमोर, गरम चहासमोर, बटणांसमोर, बँकेच्या खिडकीसमोर एकटे उभे राहिले असते, डोळ्यांचं कारण सांगत. खरं सांगितलं तर आत्या तिची पिशवी उचलण्याआधी त्यांची भरायला घेणार, हेही मला दिसत होतं.

पुढं काय झालं ते आता सांगायला सोपं आहे. अण्णा त्याच घरात राहिले. औषधं सुरू झाली, थोडा फरक पडला; सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊ लागली; चोची कापायला मी महिन्यातून एकदा यायची आणि ते धरायचे. आता अण्णाही नाहीत. पण त्या खोलीत, बंद खिडक्यांच्या आत बसून मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ते मला विचारत होते आणि उत्तराची वाट बघताना माझ्याकडं न बघता खोक्याकडं बघत होते.

"नाही, अण्णा," मी म्हणाले. "तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. डोळ्यांचं काही नव्हतं कधी. तुमचा हात थरथरतो, अण्णा. हात. काढा तो बाहेर. मला बघू द्या."